पत्त्यांवर 'माफिया' कसं खेळायचं? आमचा पहिला डाव पार फसला

विश्रामबागकर

नमस्कार मंडळी. दिवाळीत यंदा सांगलीच्या घरी अकरा माणसं जमली होती. फराळ झाला, टीव्हीचा कंटाळा आला. पुण्याहून आलेल्या पुतण्यांनी 'माफिया' नावाचा खेळ काढला, हॉस्टेलवर खेळतात म्हणे. चिठ्ठ्या करत कोण बसणार, म्हणून कपाटातला जुना पत्त्यांचा कॅट काढला. काळा गुलाम आला तो माफिया, बाकीचे गावकरी, एक पोलीस, एक डॉक्टर. रात्री सगळे डोळे मिटणार, माफिया गुपचूप एकाला मारणार, सकाळी गावानं भांडून चोर शोधायचा. एवढं समजलं.

सूत्रधार म्हणून आमच्या अण्णांना बसवलं. वय ७४, आवाज खणखणीत. अण्णा म्हणाले, "गाव झोपलं." आम्ही डोळे मिटले. म्हणाले, "माफिया, डोळे उघडा." दोन सेकंद शांतता. आणि मग अण्णाच: "आँ! सूनबाई, तुम्हीपण?"

झाला डाव.

दुसऱ्या डावात थोरल्या पुतण्याला सूत्रधार केलं. आता डॉक्टरकीला ठेवलेल्या बदाम राणीचा एक कोपरा गेली दहा वर्षं मुडपलेला आहे. घरातल्या सगळ्यांना ते ठाऊक, पुण्याच्या पोरांनाच नाही. पत्ते वाटून व्हायच्या आत डॉक्टर कोण ते सहा जणांना कळलं. तिसऱ्या डावात आत्या माफिया झाली. बोट दाखवताना तिच्या हातातल्या बांगड्या वाजल्या.

कुणी हा खेळ नीट खेळलंय का? किती माणसांत किती माफिया, पत्ते कुठले घ्यायचे, आणि पहिल्याच रात्री मेलेल्यानं तासभर काय करायचं? तुळशीच्या लग्नाला मंडळी परत जमणार आहेत, तोवर तयारी करायची आहे.

---

झब्बूबहाद्दर

अण्णांना साष्टांग दंडवत.

आमच्या ऑफिसच्या सहलीत खेळलो होतो. माझा एकच सल्ला आहे. साहेबांना पहिल्या रात्री मारू नका, उरलेला वेळ ते चहा-नाश्त्याची बिलं तपासत बसतात.

---

इस्पिकची_राणी

हॉस्टेलवर चार वर्षं हेच केलंय, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

पत्ते वाटताना पूर्ण कॅट कधी घ्यायचा नाही. जेवढी माणसं तेवढेच पत्ते मोजून बाजूला काढायचे. तुम्ही अकरा, त्यातला एक सूत्रधार, म्हणजे खेळणारे दहा. इस्पिक आणि किलवरचे गुलाम म्हणजे माफिया. बदाम राजा पोलीस, बदाम राणी डॉक्टर (कोपरा मुडपलेली नको!). राहिले सहा गावकरी, त्यांना चौकटची दुर्री ते सत्ती. नीट पिसा, एकेक पालथा वाटा, प्रत्येकानं एकट्यानं बघून मांडीखाली ठेवायचा. 'अय्या!' म्हणायचं नाही. नवीन माणूस काळा पत्ता बघितला की हमखास शेजाऱ्याकडे बघतो.

रात्र. सूत्रधार सांगतो, सगळ्यांनी डोळे मिटून मान खाली घालायची आणि दोन्ही हातांनी मांडीवर ताल धरायचा. हा ताल फार महत्त्वाचा. बांगड्या, खुर्चीची करकर, पॅन्टची सळसळ, सगळं त्यात बुडतं. मग माफिया डोळे उघडतात, एकमेकांना ओळखतात आणि खुणेनं एकाला निवडतात. ते डोळे मिटतात, डॉक्टर उठतो, कुणाला वाचवायचं ते बोटानं दाखवतो. स्वतःला वाचवलं तरी चालतं, पण लागोपाठ दोन रात्री एकाच माणसाला नाही. शेवटी पोलीस उठतो, एकाकडे बोट दाखवतो आणि सूत्रधार मान हलवून 'हो' किंवा 'नाही' सांगतो. तोंडानं अवाक्षर नाही.

सकाळ. सूत्रधार मेलेल्याचं नाव सांगतो. डॉक्टरनं त्यालाच वाचवलं असेल तर 'काल रात्री कुणी मेलं नाही' एवढंच. मग चर्चा, आरोप, सफाई. सात-आठ मिनिटांचं घड्याळ लावा, नाहीतर आपल्याकडची मंडळी मूळ विषय सोडून २०११ सालच्या लग्नातला मानापमान काढतात. हात वर करून मतदान. ज्याच्यावर सगळ्यात जास्त हात तो बाहेर, पत्ता उलटा करून दाखवायचा. सगळे माफिया गेले की गाव जिंकलं. माफिया आणि बाकीचे समसमान झाले की माफिया जिंकले, कारण पुढच्या मतदानात त्यांना कुणी पाडू शकत नाही.

आता अण्णांसाठी. सूत्रधारानं मराठीत बोलताना फार जपायला लागतं. 'डॉक्टर उठली का?' म्हणालात की अर्धं गाव संशयातून सुटलं. आमच्या एका मुलीनं 'पोलीस झोपला नाही अजून' म्हटलं आणि त्या ग्रुपमध्ये मुलगे दोनच होते. म्हणून कायम 'डॉक्टरांनी डोळे उघडावेत, पोलिसांनी डोळे मिटावेत' असंच बोलायचं. आणि बोलताना त्या माणसाकडे तोंड करायचं नाही, पंख्याकडे बघून बोलायचं. आवाजाची दिशासुद्धा कळते.

---

पोवई_नाका

आम्ही सातारकर यात पाटील घालतो. चौकटचा राजा ज्याला येईल तो पाटील. त्यानं पहिल्या सकाळीच पत्ता दाखवायचा आन् त्याच्या एका हाताला दोन मतं. लय मजा येते, कारण माफिया दुसऱ्या रातीला पाटलालाच उडवत्यात आन् डॉक्टर त्यालाच वाचवत बसतो.

नावं बी बदला की राव. माफिया काय, डॉक्टर काय. आमच्यात चोर, फौजदार, वैद्य. मागं पावसाळ्यात कासला गेल्तो, धुकं असं की पुढचा माणूस दिसंना. यवतेश्वरच्या अलीकडं एका टपरीवर तीन तास अडकलो. गाडीत कॅट होता. टपरीवाल्या मावशींना सूत्रधार केलं. कांदाभजी तळता तळता "चोरांनी उठावं" म्हणायच्या आन् झाऱ्यानं ताल धरायच्या. त्यांच्यावाणी सूत्रधार परत भेटला न्हाई.

---

कृष्णाकाठचा

खेळ तसा फार जुना नाही. दिमित्री डेव्हिडॉफ नावाच्या माणसानं १९८६ साली मॉस्को स्टेट युनिव्हर्सिटीच्या मानसशास्त्र विभागात असताना तो तयार केला. कल्पना साधी: थोड्या लोकांना सगळं ठाऊक आहे, पुष्कळांना काहीच ठाऊक नाही, तर जिंकणार कोण? पुढं १९९७ साली अँड्रू प्लॉटकिन यानं माफियाच्या जागी माणसाचा लांडगा होणारे 'वेअरवुल्फ' आणले, तोही खूप चालला. लॉकडाऊनमध्ये पोरं मोबाईलवर 'अमंग अस' खेळायची ना, त्याचं मूळही इथंच. तो गेम आला २०१८ ला, घराघरात पोचला २०२० ला.

आपल्याकडं राजा-प्रधान-चोर-शिपाई होतंच की. चार चिठ्ठ्या, राजाला हजार गुण, चोराला शून्य. पण त्यात शिपायानं एकदा अंदाज केला की संपलं. चोराला खोटं बोलायची संधीच नाही, नुसता चेहरा दगडासारखा ठेवायचा. माफियात चोर तोंड उघडतो, तिथंच खरी गंमत.

माझी आठवण २०१९ च्या पुराची. सांगलीतल्या आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. गावभागातलं आमचं घर पाण्यात. आम्ही तीन कुटुंबं विश्रामबागेत मेहुण्याकडं, एका हॉलमध्ये सोळा माणसं. लाईट नाही, फोन मेलेले, भडंगाचा डबा तेवढा भरलेला. दिवसभर पाण्याच्या बातम्या, कुणाचं काय वाहून गेलं तेच. तिसऱ्या रात्री भाच्यानं मेणबत्ती लावून हा डाव मांडला. माझी आई तोवर दोन दिवस एका जागी बसून होती, जेवत नव्हती, बोलत नव्हती. तिला गुलाम आला. दुसऱ्या सकाळी तिनं शांतपणे माझ्यावर आळ घेतला, "हा लहानपणापासून लबाड आहे," आणि मला बाहेर काढलं. मी गावकरी होतो. माझा पत्ता उलटला तेव्हा त्या दिवसांत पहिल्यांदा ती हसली.

---

गणिताच्या_बाई

किती माफिया घ्यायचे याचं उत्तर अंदाजानं देऊ नका, कागदावर मांडून बघा. गावानं दिवसा चूक केली म्हणजे एका निर्दोष माणसाला काढलं, असं धरून चालू. डॉक्टर-पोलीस सध्या विसरा.

दहा जण, दोन माफिया. आठ विरुद्ध दोन. रात्री सात-दोन. चूक, सहा-दोन. रात्री पाच-दोन. चूक, चार-दोन. रात्री तीन-दोन. चूक, दोन-दोन. खलास. म्हणजे दोन चुका पचतात, तिसरी नडते. हा डाव रंगतो.

दहात तीन माफिया घेतलेत तर दुसऱ्याच चुकीला गाव संपतं. आणि सात जणांत दोन माफिया घेतलेत तर पहिल्याच चुकीला: चार-दोन, चूक झाली की तीन-दोन, रात्री दोन-दोन. लोक सहाजिकच म्हणतात 'खेळात काही दम नाही'. सात जण असाल तर एकच माफिया ठेवा.

आता डॉक्टरची गंमत. सगळ्यांना वाटतं, डॉक्टरनं एक जीव वाचवला की गावाला एक दिवस जास्त मिळाला. तसं नसतं. एक दिवस आणि एक रात्र मिळून गावाची दोन माणसं जातात. वाचवलेला जीव एक. त्यामुळे वरच्या दहाच्या डावात डॉक्टरनं एकदा वाचवलं तरी नडते ती तिसरीच चूक, फक्त डाव दिवसाऐवजी रात्री संपतो. दोनदा वाचवलं की मात्र खरोखर एक चूक जास्त पचते. करून बघा.

---

झब्बूबहाद्दर

बाई, दिवाळीच्या सुट्टीत गृहपाठ?

---

इस्पिकची_राणी

@गणिताच्या_बाई, डॉक्टरचं हे कधी लक्षात आलं नव्हतं! आम्ही डॉक्टरला देव मानायचो.

पहिल्या रात्री मेलेल्याचा प्रश्न राहिला होता. दोन उपाय आहेत. एक, पहिली रात्र ओळखीची, त्या रात्री खून नाही, फक्त माफियांनी एकमेकांना बघून घ्यायचं. असं केलंत तर बाईंचा हिशेब एका माणसानं सरकेल. दोन, जो पहिला मरेल त्याला पुढच्या रात्रीपासून सूत्रधाराचा मदतनीस करायचं. त्याचे डोळे उघडे, तोंड बंद. लहान मुलांना हे फार आवडतं, कोण खोटं बोलतंय ते त्यांना दिसतं आणि सांगता येत नाही. गाल फुगवून बसतात.

---

हळदीचं_पोतं

आम्ही घरात पाचच माणसं. आमचं काय?

---

पोवई_नाका

पाचात माफिया न्हाई जमत. डोळा मारायचा खेळ खेळा. पाच पत्ते, त्यात इस्पिकचा एक्का एकच. एक्का ज्याला आला तो खुनी. गोल बसून गप्पा मारायच्या, खुनी हळूच एकेकाला डोळा मारणार. ज्याला मारला त्यानं मनात पाच मोजून "मेलो" म्हणायचं. कुणाला संशय आला तर आरोप करायचा, चुकला तर तोच मेला. सूत्रधार नको, झोपणं नको.

---

हळदीचं_पोतं

सासूबाई म्हणाल्या, घरात डोळा मारायचे खेळ नकोत.

---

पोवई_नाका

मग नाकाला बोट लावा. तेवढंच चालतंय.

---

विश्रामबागकर

मंडळी, तुळशीचं लग्न पार पडलं, वृत्तांत देतो.

नवा कॅट आणला. पत्ते इस्पिकची_राणी यांनी सांगितले तसेच: दोन काळे गुलाम, बदाम राजा, राणी, चौकटची दुर्री ते सत्ती. धाकट्या पुतणीला सूत्रधार केलं, अण्णा यावेळी खेळाडू. मांडीवर ताल धरून पहिली रात्र छान पार पडली. सकाळ झाली, डॉक्टरनं बरोबर वाचवलं होतं, कुणी मेलं नाही. चर्चा सुरू व्हायच्या आत अण्णा म्हणाले, "भांडताय कशाला? ज्यानं त्यानं आपापला पत्ता बोला. मी चौकट पंजी."

सगळे भोळेपणानं बोलायला लागले. दुर्री, चौकी, सत्ती... वहिनी म्हणाली तिर्री. तिच्या शेजारचा पुतण्या दचकून म्हणाला, "तिर्री माझ्याकडे आहे." थोड्या वेळानं दोन छक्क्या निघाल्या. अण्णा चष्मा पुसत म्हणाले, "चार माणसांत दोन चोर. काढा वहिनीला." (अण्णा सुनेला कधी सूनबाई म्हणतात, कधी कौतुकानं वहिनी.) वहिनी निघाली गुलाम. दुसऱ्या दिवशी छक्कीवाल्यांपैकी आधी आत्येभावाला काढलं, तो खरा निघाला. मग उरलेला दाजी माफिया हे उघडच होतं. खेळ संपला, वीस मिनिटांत.

आता सांगा, हे नियमात बसतं का? आमच्याकडे यावरून दोन तट पडलेत. पुतण्या म्हणतो ही फसवणूक आहे. अण्णा म्हणतात, झब्बू खेळतानासुद्धा कुणाचे किती पत्ते गेले ते मोजतोच की.

---

गणिताच्या_बाई

अण्णांना पैकीच्या पैकी. दहा माणसं, दहा पत्ते, आणि ते कोणते हे सगळ्यांना माहीत. खऱ्या माणसानं खरं सांगितलं की खोट्याला कुणाच्या तरी पत्त्यावर बसावंच लागतं. सुटका नाही. जोडीतल्या एकाला काढायचं, तो खरा निघाला तर दुसरा पक्का चोर. गावानं जास्तीत जास्त दोन चुका केल्या तरी गाव जिंकतं.

चिठ्ठीवर नुसतं 'गावकरी' लिहिलेलं असतं तेव्हा हे होत नाही. पत्त्यांवर खेळायचा तोटा हाच आहे, पत्ता स्वतःचं नाव सांगतो.

---

इस्पिकची_राणी

अरे देवा. माझीच चूक. आम्ही 'पत्त्याचं नाव घ्यायचं नाही' हा नियम इतका गृहीत धरायचो की लिहायचा राहिला.

दुसरा मार्ग म्हणजे गावकऱ्यांचे पत्ते ठरवूनच ठेवायचे नाहीत. बदाम-चौकटचे एक्का ते दश्शी मिळून वीस पत्ते, त्यातले कुठलेही सहा सूत्रधारानं कुणाला न दाखवता घ्यायचे. मग चोर काहीही फेकू शकतो.

---

गणिताच्या_बाई

तरी पूर्ण सुटत नाही. चोर सगळ्यात आधी बोलला तर विसातला कुठलाही पत्ता फेकणार, त्यातले सहा खरोखर वाटलेले आहेत. म्हणजे ३० टक्के वेळा फसणार. शेवटी बोलला तर आधीचे ऐकून सुरक्षित पत्ता निवडणार. बोलायचा क्रम कुणी ठरवायचा यावरच मग भांडण. त्यापेक्षा नाव घ्यायला बंदी हा साधा नियम बरा.

---

कृष्णाकाठचा

मी अण्णांच्या बाजूनं. ही चलाखी एकदाच चालते, आणि ती ज्याला पहिल्यांदा सुचते त्याचा तो डाव. पुढच्या डावापासून बंदी घाला.

---

पोवई_नाका

मला आपलं वाटतंय, पाटील असता तर असं झालंच नसतं.

---

विश्रामबागकर

बंदी घातली. पुतणीनं पत्ते दाखवून झाले की परत गोळा केले आणि वहीत कोण काय ते लिहून घेतलं. मेलेल्याचा पत्ता तीच उघडा करते. रात्री जेवणानंतर आणखी दोन डाव झाले, पहिला गावानं जिंकला.

दुसऱ्यात अण्णा माफिया होते. आमच्या लक्षातच आलं नाही. चर्चेत ते दरवेळी म्हणायचे, "मला बुवा काही कळत नाही यातलं, तुम्ही ठरवा," आणि हात मात्र सगळ्यात आधी वर. शेवटी मी, वहिनी आणि अण्णा एवढेच उरलो. वहिनीनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. तिला दिवाळीपासून माझ्यावर राग होताच, पहिल्या डावात ती माफिया होती हे मी आख्ख्या जगाला इथं सांगितलं म्हणून. तिनं माझ्यावर हात वर केला.

आता पुढच्या रविवारी मामाकडची मंडळी धरून सतरा होतायत. एक सूत्रधार सोडला तर सोळा. बाई, तीन माफिया घेऊ का चार?

---

गणिताच्या_बाई

चार. तिनात गावाला चार चुका पचतात, चारात तीन. तीन घेतलेत तर पहाट होईल.